दगडाने काय सोसले आहे, तेही पाहा : खडी मंजूर करणाऱ्या अभियंत्यांना खुले पत्र

रस्त्याच्या वरच्या थरासाठी खडी निवडणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या सर्व अभियंत्यांना,

स.न.वि.वि.

मी भूशास्त्रज्ञ आहे. दगडाचे पातळ छेद करून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे हे माझे काम. गेली बरीच वर्षे माझ्या टेबलावर येणाऱ्या छेदांमध्ये रस्त्याच्या खडीचे छेद सर्वांत जास्त असतात, आणि ते बहुतेक वेळा उशिरा येतात. तोवर रस्ता होऊन गेलेला असतो. वरच्या थरातली खडी सुटून कडेला जमू लागलेली असते, डांबराच्या आवरणातून दगडाच्या ताज्या तुटलेल्या कडा डोकावत असतात, आणि मग कोणीतरी मला विचारते, "ग्रॅनाइटच होता ना हा? चाचणीत तर पास झाला होता." दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. ग्रॅनाइटच असतो आणि चाचणीत पासही झालेला असतो. फक्त त्या ग्रॅनाइटवर आजवर काय काय गुदरले आहे, हे कोणी विचारलेले नसते.

या पत्रातून मला एवढेच मागायचे आहे की तो प्रश्न मंजुरीच्या कागदावर यावा. खडकाचे नाव आणि झिजेचा आकडा यांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा : विरूपण. हा खडक जमिनीखाली कधी दाबला, ताणला, घसटला गेला आहे का? गेला असेल तर किती खोलीवर, कोणत्या तापमानात, आणि त्यानंतर त्याच्या भेगांमधून काय वाहिले? ही माहिती मला प्रबंधासाठी नको आहे. डांबरात बसलेला १० मिलिमीटरचा तुकडा चाकाखाली किती दिवस टिकेल, हे बऱ्याच अंशी याच उत्तरांवर ठरते.

खडक कसा विरूपित होतो, ते आधी सांगते. पृथ्वीच्या कवचाच्या वरच्या, थंड भागात खडक तुटतो. प्रस्तरभंगाच्या पट्ट्यात, म्हणजे आपण ज्याला फॉल्ट म्हणतो तिथे, तो भरडला जातो. मधोमध पीठ झालेला गाभा असतो, त्याच्या शेजारी टोकदार तुकड्यांचा ब्रेशिया असतो, आणि त्याही पलीकडे दूरवर पसरलेला, वरून धडधाकट दिसणारा पण आतून भेगाळलेला खडक असतो. खोल आणि गरम भागात मात्र तोच खडक न वितळता, घन अवस्थेतच वाहतो. क्वार्ट्झ साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असा वाहू लागतो, फेल्स्पारला त्यासाठी सुमारे ४५० अंश लागतात. ग्रॅनाइटमध्ये ही दोन्ही खनिजे असतात. त्यामुळे या दोन तापमानांच्या मधल्या पट्ट्यात क्वार्ट्झ मळलेल्या कणकेसारखा ताणला जातो आणि फेल्स्पार त्याच्या मध्येच तडकत राहतो. एकाच दगडाचा एक घटक वाहतोय आणि दुसरा तुटतोय, हे एकाच छेदात शेजारी शेजारी दिसते.

खडीच्या दृष्टीने ही दोन अगदी वेगळी नशिबे आहेत. 'विरूपित' हा शब्द ऐकताच दगड नापास करणे जितके चूक, तितकेच त्या शब्दाकडे दुर्लक्ष करणेही चूक.

तुटलेल्या खडकाकडे पाहताना पहिला प्रश्न भेगांमधल्या अंतराचा असतो. खाणीच्या भिंतीत हातभर अंतरावर भेगा दिसल्या की पाहणी करणारा काळजीत पडतो. मी त्या भेगांची फारशी काळजी करत नाही. खडीच्या तुकड्यापेक्षा विरळ असलेली भेग क्रशरमध्येच संपते, दगड तिथेच फुटतो आणि भेग तुकड्याची बाजू होऊन बसते. सुरुंगाचा खर्चही त्यामुळे वाचतो. खरी काळजी खडीच्या पोटात शिल्लक राहणाऱ्या भेगांची करायला हवी. त्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या अंतरावर, एकेका स्फटिकाच्या आत किंवा दोन स्फटिकांच्या सीमेवर असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. खडी धुऊन, चाळून ढीग लावला की दोन्ही प्रकारचा दगड सारखाच दिसतो.

भेग छोटी आहे म्हणून निरुपद्रवी नसते. अभियंते ग्रिफिथ यांनी १९२० साली काचेवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले की पदार्थाचे बळ त्याच्या रेणूंच्या बंधांवरून जितके असायला हवे त्यापेक्षा प्रत्यक्षात फार कमी भरते, कारण ताण सूक्ष्म भेगांच्या टोकाशी एकवटतो. दगडालाही हेच लागू आहे. त्यात पाण्याची भर पडते. भेगेच्या टोकाशी ताणलेला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध पाण्याच्या रेणूमुळे लवकर तुटतो, म्हणून ओल्या दगडातली भेग तोडण्याएवढा भार नसतानाही हळूहळू पुढे सरकत राहते. रस्त्यावरच्या खडीला हेच दोन्ही मिळत असतात, पाणी आणि प्रत्येक चाकासरशी येणारा लहानसा, पुन्हा पुन्हा येणारा भार. जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे भेगेतले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, तो ताण वेगळाच.

आता आपल्या नेहमीच्या चाचणीकडे पाहा. लॉस एंजेलिस चाचणीत, युरोपीय पद्धतीनुसार, १० ते १४ मिलिमीटरची ५ किलो खडी ११ पोलादी गोळ्यांबरोबर पिंपात ५०० फेऱ्या फिरवतात आणि १.६ मिलिमीटरच्या चाळणीतून किती गळाली ते मोजतात. चाचणी चांगली आहे. आघात सोसण्याची ताकद ती नीट सांगते. पण त्यातली खडी धुतलेली आणि भट्टीत वाळवलेली असते. भेगेतली चिकणमाती फुगत नाही, भेगेच्या टोकाशी पाणी नसते. मायक्रो-डेव्हल चाचणीत ५०० ग्रॅम खडी अडीच लिटर पाण्यात, १० मिलिमीटरच्या पोलादी गोळ्यांबरोबर १२,००० फेऱ्या फिरते. प्रस्तरभंगाच्या पट्ट्यातला, क्लोराइट या हिरव्या, मऊ खनिजाने आणि चिकणमातीने भेगा भरलेला दगड पहिल्या चाचणीत निभावतो आणि दुसरीत उघडा पडतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा, अशी माझी विनंती आहे. एक चांगला आणि दुसरा वाईट आला तर सरासरीने समाधान मानू नका, ती तफावतच दगडाबद्दल काहीतरी सांगत असते.

भेगांमध्ये काय भरले आहे, हे भेगा किती आहेत याइतकेच महत्त्वाचे. क्वार्ट्झने किंवा एपिडोट या कठीण खनिजाने सांधलेली जुनी भेग कधीकधी मूळ दगडाइतकीच पक्की असते. तिला घाबरू नये. कॅल्साइटने भरलेली भेग मऊ असते आणि त्याच्या गुळगुळीत पाटणपृष्ठांवरून, म्हणजे स्फटिक ज्या सपाट प्रतलांवर फुटतो त्यांवरून, सहज उकलते. क्लोराइट नखाइतका मऊ आणि निसरडा. सर्वांत वाईट म्हणजे फुगणाऱ्या चिकणमाती खनिजांच्या आणि लॉमॉन्टाइटसारख्या झिओलाइट गटातल्या खनिजांच्या भेगा. लॉमॉन्टाइट कोरड्या हवेत स्फटिकातले पाणी सोडतो आणि भुगा होऊ लागतो. ढिगात आठवडाभर पडून राहिलेल्या खडीचे हातात घेताच दोन तुकडे होतात, त्यामागे कधीकधी हेच कारण असते.

आता दुसऱ्या नशिबाकडे वळते. इथे मला थोडा वेळ घ्यायचा आहे, कारण इथेच चांगला दगड हातचा जातो.

खोलवर, गरम अवस्थेत घसटलेल्या खडकाला मायलोनाइट म्हणतात. हे नाव भूशास्त्रज्ञ लॅपवर्थ यांनी १८८५ मध्ये स्कॉटलंडच्या मोइन थ्रस्ट या प्रस्तरभंगावरच्या खडकांना दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चक्की. खडक जात्यात दळल्यासारखा बारीक झाला असावा, असा त्यांचा समज होता. पुढे सूक्ष्मदर्शकाने दाखवले की बारीकपणा मुख्यतः दळण्यातून आलेला नाही. ताणाखालच्या क्वार्ट्झचे पुन्हा स्फटिकीभवन झाले, आणि मोठ्या स्फटिकाच्या जागी असंख्य लहान स्फटिक तयार झाले. त्यामुळे त्यांच्यामध्ये भेगांची जागा उरलेली नसते. कडा एकमेकींत करवतीच्या दातांसारख्या गुंतलेल्या असतात.

हे खडीच्या भाषेत सांगते. भरड ग्रॅनाइटमध्ये फेल्स्पारचा स्फटिक सहज ५ मिलिमीटरचा असतो. १० मिलिमीटरच्या तुकड्यात म्हणजे एक स्फटिक अर्धी लांबी व्यापतो. त्याच्या पाटणपृष्ठावर भेग एकदा सुटली की न अडखळता अर्धा तुकडा पार करते. तोच ग्रॅनाइट मायलोनाइट झाला असेल तर त्याच अंतरात भेगेला शेकडो सीमा लागतात, प्रत्येक सीमेवर दिशा बदलावी लागते आणि प्रत्येक वळणावर तिची ऊर्जा खर्च होते. रासायनिक घटक तेच, नावही कदाचित खाणीच्या नोंदवहीत 'ग्रॅनाइट' असेच, पण चिवटपणा कितीतरी जास्त. नॉर्डिक देशांमध्ये हिवाळ्यात टायरना खिळे लावतात आणि ते खिळे रस्त्याचा दगड अक्षरशः खरवडतात. म्हणून तिथे खास गोळ्यांच्या पिंपाची चाचणी आहे : १५ मिलिमीटरचे ७ किलो गोळे, पाणी आणि ५,४०० फेऱ्या. तिथल्या अभियंत्यांना बारीक कणांच्या, गुंतलेल्या सीमांच्या दगडाची किंमत या खिळ्यांनीच शिकवली.

पण मायलोनाइट म्हणजे हमखास उत्तम खडी, असेही मी म्हणणार नाही. तीन गोष्टी त्याला बिघडवतात आणि तिन्ही छेदात दिसतात. पहिली म्हणजे अभ्रक. घसटताना पाणी आत आले तर फेल्स्पारचे रूपांतर पांढऱ्या अभ्रकात होते. अभ्रकाचे पापुद्रे एका दिशेत मांडले गेले की दगड पानापानाने सुटतो. अशा दगडातून क्रशर चपटी खडी काढतो. चपटी खडी रोलरखाली आडवी मोडते, आणि मोडलेल्या नव्या पृष्ठभागावर डांबर नसते. पाणी तिथूनच आत शिरते. विखुरलेले थोडे अभ्रक चालते. पण सलग, एकमेकांना जोडलेल्या पट्ट्यांत मांडलेले तेवढेच अभ्रक चालत नाही. म्हणून अहवालात 'अभ्रक इतके टक्के' एवढेच लिहून भागत नाही, ते कसे पसरले आहे तेही लिहायला हवे.

दुसरी गोष्ट नंतरच्या उष्णतेची. घसटणे थांबल्यावर खडक बराच काळ गरम राहिला, तर स्फटिक पुन्हा वाढतात आणि त्यांच्या कडा सरळ होतात. तीन कडा १२० अंशांत मिळतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नीटस रचना दिसते. डोळ्याला फार सुंदर. पण सरळ कडेवर भेगेला अडवणारे काही नसते. तिसरी गोष्ट जुन्या जखमेवरच्या नव्या घावाची. खोलवर घसटलेला पट्टा कोट्यवधी वर्षांनी वर येतो, आणि कवचाला पुन्हा ताण आला की बहुधा तो जुन्याच दुबळ्या जागी सुटतो. मग मायलोनाइटच्या अंगावर थंड अवस्थेतल्या भेगा उमटतात, त्यांत क्लोराइट आणि चिकणमाती भरते. त्यामुळेच एकाच पट्ट्यात पन्नास पावलांच्या अंतरावर खाणीतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट दगड शेजारी सापडू शकतो.

हे मला एका खाणीने शिकवले. पहिला नमुना घेतला तेव्हा कामाची भिंत बारीक, काळसर, पट्टेदार दगडात होती. छेद पाहून मीच मोकळ्या मनाने चांगला अभिप्राय लिहिला होता. भिंत पुढे सरकत गेली. दगडाचा रंग थोडा हिरवट झाला, एवढाच फरक. मंजुरी जुन्याच अभिप्रायावर चालू राहिली, पुन्हा नमुना कोणी घेतला नाही, आणि मीही मागितला नाही. दोन वर्षांनी त्या दगडाच्या रस्त्यावरून उचललेले तुकडे माझ्याकडे आले. छेदात जागोजागी हिरव्या क्लोराइटच्या रेषा आणि त्यांच्या मध्ये चिरफाळलेला क्वार्ट्झ. कागदावर खाण तीच होती, खडक तोच होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालात मी एक ओळ लिहिते : हा अभिप्राय फक्त नमुना घेतलेल्या भिंतीपुरता आहे. ती ओळ वाचून त्याप्रमाणे वागणे तुमच्या हातात आहे.

सरासरीबद्दलही थोडे बोलायला हवे. वरच्या थरात खडी एकमेकीच्या आधाराने बसलेली असते. शंभरातले पाच-सात तुकडे भेगाळलेले असले तर सरासरी आकडा जेमतेम हलतो. पण रस्त्यावर त्यातला एक तुकडा फुटून निघाला की खळगा पडतो, त्यात पाणी साचते, आणि शेजारच्या चांगल्या तुकड्यांचा एका बाजूचा आधार जातो. मग चांगले तुकडेही सुटतात. म्हणून वेगवेगळ्या विरूपणाचा दगड एकत्र मिसळून एकच चाचणी करणे मला मान्य नाही. आधी खाणीचे पट्टे वेगळे करा, प्रत्येकाचा नमुना वेगळा घ्या, आणि वाईट पट्टा खालच्या थरांकडे वळवा किंवा सोडून द्या. ढिगातून घेतलेला नमुना हे काम करू शकत नाही.

टिकाऊपणा म्हणजे फक्त न तुटणे नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. चाकांखाली दगड गुळगुळीतही होतो आणि ओल्या रस्त्यावर गाडी घसरते. पॉलिश्ड स्टोन व्हॅल्यूच्या, म्हणजे घासल्यावर दगडाची किती पकड उरते ते पाहणाऱ्या चाचणीत खडी आधी तीन तास भरड आणि मग तीन तास बारीक एमरीने (घासायच्या कठीण भुकटीने) घासतात, नंतर लोलकाने घर्षण मोजतात. एकाच कठीण खनिजाचा, एकसारख्या बारीक कणांचा दगड झिजत नाही, पण घासून तुकतुकीत होऊ शकतो. ग्रेवॅकसारखा वालुकाश्म थोडा झिजतो, पण त्याचे कण सुटत राहिल्याने खरखरीत राहतो. विरूपणाने कण एकसारखे बारीक केलेल्या क्वार्ट्झी दगडाची ही चाचणी म्हणूनच टाळू नये. शिवाय क्वार्ट्झने भरलेल्या दगडाला डांबर सहजासहजी घट्ट धरत नाही. त्यासाठी चिकटपणा वाढवणारे द्रव्य किंवा चुना लागेल का, ते आधीच पाहा.

आणि एक इशारा, जो मला सर्वांत मोठ्याने द्यायचा आहे. डांबरी थरासाठी उत्तम ठरलेला मायलोनाइट पुढच्या कामात सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यासाठी तसाच मंजूर करू नका. काँक्रीटमधला अल्कली आणि दगडातली अस्थिर सिलिका यांची अभिक्रिया होऊन फुगणारे जेल तयार होते आणि काँक्रीट आतून तडकते. अभियंते स्टँटन यांनी १९४० मध्ये कॅलिफोर्नियातल्या अशा काँक्रीटचे कारण उलगडले. ताणलेला, बारीक उपकणांत मोडलेला क्वार्ट्झ या अभिक्रियेला बळी पडतो. नॉर्वेत अभिक्रिया करणाऱ्या खडकांमध्ये मायलोनाइट आणि कॅटाक्लासाइट (थंड अवस्थेत भरडला जाऊन पुन्हा घट्ट झालेला खडक) आहेत. ज्या बारीकपणामुळे दगड चाकाखाली चिवट ठरतो, तोच अल्कलीला क्वार्ट्झचा अधिक पृष्ठभाग खुला करून देतो. आणि ही अभिक्रिया हळू चालते, तडे दिसायला काही वेळा दहा-वीस वर्षे जातात. तोवर मंजुरी देणारा अभियंता दुसरीकडे गेलेला असतो आणि खाण भरून टाकलेली असते. म्हणून अभिप्रायावर 'कशासाठी' हे लिहिल्याशिवाय तो वापरू नका.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक खाणीवर भूशास्त्रज्ञ कुठून आणायचा? दर दिवशी आणायला मी सांगत नाही. खाण सुरू होताना एकदा नकाशा, आणि भिंतीचा दगड बदलला असे वाटेल तेव्हा पुन्हा फेरी, एवढे पुरे. पातळ छेद ०.०३ मिलिमीटर जाडीचा असतो, तो करून वाचायला काही दिवस लागतात. भेगा मोजायच्या असतील तर चमकणारा रंग मिसळलेले इपॉक्सी दगडात मुरवून छेद करायला सांगा; अतिनील प्रकाशात एकेक भेग उजळून दिसते, आणि वाद घालायला जागा राहत नाही.

मधल्या काळात तुमचे स्वतःचे डोळे पुष्कळ काम करू शकतात. भिंतीत घासून चकाकलेले, एका दिशेत ओरखडे असलेले पृष्ठभाग दिसले तर तिथे खडक सरकला आहे, त्या पट्ट्यातला नमुना वेगळा काढा. हिरवट, साबणासारखा गुळगुळीत लेप बोटाला लागला तर थांबा. हातोडीने खणखणीत वाजणारा दगड आणि बद्द वाजणारा दगड यांची सरमिसळ होऊ देऊ नका. आणि मी स्वतः नेहमी करते ती एक साधी गोष्ट : मूठभर खडी रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी पुसून उन्हात मांडा आणि पाच-दहा मिनिटे नुसते पाहत बसा. दगड वाळतो, पण भेगांतले पाणी शेवटी जाते. फिकट पडत चाललेल्या तुकड्यांवर काळ्या केसासारख्या रेषा उरल्या, तर त्या मोजा आणि किती तुकड्यांवर आहेत ते नोंदवहीत लिहा.

तुमच्या पुढच्या निविदेत मला चार ओळी हव्या आहेत. खाणीचा विरूपण पट्ट्यांनिशी नकाशा. प्रत्येक पट्ट्याचा पातळ छेद आणि त्यात भेगा, भेगांतली खनिजे, कणांच्या सीमा व अभ्रकाची मांडणी यांची नोंद. कोरड्या चाचणीशेजारी ओली चाचणी. आणि भिंत पुढे सरकेल तसतसा नवा नमुना. या ओळी कशा शब्दांत बसवायच्या यासाठी माझी मदत लागली तर मी बसेन तुमच्याबरोबर, खाणीवर किंवा कचेरीत, जिथे म्हणाल तिथे. नमुने पाठवाल तेव्हा कृपा करून कोणत्या भिंतीतून, कोणत्या उंचीवरून घेतले ते पिशवीवर लिहा, आणि खडीबरोबर त्या जागेचा एक न फोडलेला, हाताएवढा दगडही ठेवा.

आपली,
एक भूशास्त्रज्ञ